इजिप्तच्या साहेबांना पत्र

तांडापेठ, नागपूर
११ सप्टेंबर १९५५

ति. दादास,
पुष्पलताचा नमस्कार.

यांना शिक्षा झाली. दहा वर्षं. जूनमध्ये यांच्याबरोबर गोव्यात शिरलेल्या सत्याग्रही तुकडीतला उमरेडचा एक जण मार खाऊन सरहद्दीवरून परत आला. त्याला बेळगावात कुणीतरी सांगितलं आणि त्यानं येऊन आम्हाला. सरकारी कागद काही नाही. सासूबाईंनी ऐकलं आणि मला विचारलं, "दहा वर्सं म्हंजे किती वं?" मी म्हटलं, दहा. त्या पुन्हा सुताच्या कांड्या भरायला बसल्या.

मला रडू येत नाही. दोन दिवस वाट पाहिली, येईल म्हणून. स्वयंपाक होतो, जेवण जातं, कुणी काही विचारलं तर उत्तरही देते. फक्त आत कुठं काही हलत नाही. हे तुला सांगते, घरात सांगण्यासारखं नाही.

मागच्या दिवाळीत तू ओसरीवर बसून यांना म्हणाला होतास की पोर्तुगाल तो केवढा, आपल्या मध्यप्रदेशाच्या एका कोपऱ्यात मावेल, छत्तीस कोटींनी फुंकर मारली तर उडून जाईल. तुझं ऐकून हे गेले असं मी म्हणत नाही. जायचं त्यांच्या मनात आधीपासून होतं. पण त्या फुंकरीचं काय झालं ते कळव. परदेशांशी सगळं बोलणं चालतं त्या ऑफिसात तू आहेस. एवढं मोठं सरकार एका विणकराला सोडवू शकत नाही का? उत्तर साधं लिही.

घरात आता पुरुष माणूस म्हणजे थोरले दीर बाबनराव, एकटे. ताणा तयार आहे, पाजणी राहिली आहे. तू शाळेच्या नादात कधी कुंचा धरला नाहीस, म्हणून आठवण देते: गल्लीभर ताण्याचं उभं सूत पसरायचं, दोन्ही अंगांनी माणसांनी कुंच्यानं खळ लावत जायचं आणि ऊन चढायच्या आत उरकायचं. दहा माणसं लागतात. कितीही मोठं घर असो, एकट्यानं होत नाही. आपण दुसऱ्याच्या पाजणीला माणूस पाठवायचा, त्यानं आपल्या. आमच्याकडे आता पाठवायला माणूस नाही, म्हणून मागायलाही तोंड नाही.

तुझी,
पुष्पलता


नवी दिल्ली
२४ सप्टेंबर १९५५

चि. सौ. पुष्पलतास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. धीर सोडू नकोस. तुझा जागेश्वर वाघाच्या काळजाचा आहे.

तू साधं उत्तर मागितलंस, पण ही बाब साधी नाही. पोर्तुगाल लहान आहे हे खरं, पण तो एकटा नाही. अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स अशा बड्या देशांनी एक करार केला आहे की एकाला कुणी हात लावला तर बाकीचे उठतील. त्यात पोर्तुगाल आहे. तो करार गोव्याला लागू पडतो की नाही यावर मोठमोठी माणसं वाद घालतात, पण वाद चाललाय म्हणजेच सगळे बिचकून आहेत. आपण कुणाच्याच करारात नाही. ते आपलं धोरण आहे आणि त्यात अभिमान बाळगण्यासारखं पुष्कळ आहे.

या महिन्यापासून आपली गोव्यातली कचेरी बंद झाली. म्हणजे आता तिथं आपलं माणूस कुणी नाही. दोन घरांचं बोलणं बंद झालं की तिसऱ्या घरामार्फत निरोप जातात, तसं आता इजिप्त आपल्या वतीनं तिथं लक्ष घालणार आहे. इजिप्तशी आपलं चांगलं आहे. त्यांचा माणूस तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटेल.

मी वर बोलतो. माझ्या परीनं सगळं करीन. गल्लीत फार बोलू नकोस, या गोष्टी नाजूक असतात.

तुझा,
ताराचंद


तांडापेठ, नागपूर
८ जानेवारी १९५६

ति. दादास,
नमस्कार.

दिवाळीनंतर यांचं पत्र आलं. पाकीट फोडून पुन्हा चिकटवलेलं, आत पाच ओळी. मी बरा आहे, आईला नमस्कार, बाबनदादाला माग थांबवू नको म्हणावं, थंडी नाही, पत्र लिहीत जा. आम्ही चार लिहिली. त्यानंतर त्यांचं एकही नाही.

तू गल्लीत बोलू नको म्हणालास, पण बाबनरावांच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी चौकात सांगून टाकलं, "आपला ताराचंद दिल्लीत वर बोलून राहिला गा." त्याचा एक फायदा झाला. गणपतराव, ज्यांच्या शब्दावर गल्लीतल्या पाजण्या लागतात, स्वतः येऊन म्हणाले की तुमच्या पाजणीला आमची दोन माणसं येतील, परतफेडीचं जागेश्वर आल्यावर पाहू. तेव्हा तुझ्या नावावर आमचा माग चालू आहे. तुला हे ठाऊक असावं.

इजिप्तवर मात्र गल्लीत रोज चर्चा. गणपतरावांनी विचारलं, "इजिप्त आपला कोन लागते? सोयरा हाय का भाऊबंद?" बाबनराव म्हणाले, सोयरा. सासूबाई म्हणाल्या, मग बरं. भाऊबंद वाटणीच्या वेळी उभा राहतो, सोयरा अडचणीच्या वेळी. मी ऐकत होते आणि हसावंसं वाटलं, पण ओठांपर्यंत आलं नाही. दादा, यांच्या बाजूनं सोयरा म्हणजे तूच ना? आईबाबा गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तुझा दिल्लीचा पत्ता.

इजिप्तचा माणूस तुरुंगात गेला का, एवढं कळव.

पुष्पलता


नवी दिल्ली
२ फेब्रुवारी १९५६

चि. सौ. पुष्पलतास,
आशीर्वाद.

कामाच्या गर्दीत उत्तराला उशीर झाला. इजिप्तच्या माणसाला अजून परवानगी मिळालेली नाही. मिळेल. अडचण अशी की कैद्यांची नावं तिकडून पुरी मिळालेली नाहीत. जूनच्या तुकडीतली तर फारच थोडी. म्हणून घरच्यांनी रीतसर अर्ज करायचा आहे. कैद्याचं नाव, वडिलांचं नाव, गाव, केव्हा पकडला गेला. जितकी नावं इजिप्तच्या वकिलातीकडे जातील तितकी त्यांचा माणूस तिथं जाऊन विचारणार. ज्याचं नाव यादीत नाही त्याला तो विचारणार कसा?

तू अर्ज नागपूरच्या सचिवालयात दे. तिथून तो दिल्लीला येईल. तसा नियम आहे. माझ्याकडे पाठवलास तर उगीच पक्षपाताचं बोलणं होईल.

ताराचंद


तांडापेठ, नागपूर
१६ ऑगस्ट १९५६

ति. दादास,
नमस्कार.

फेब्रुवारीत अर्ज दिला. मार्चमध्ये, मेमध्ये, जुलैमध्ये जाऊन आले. सचिवालयात कुणाचं लक्ष कामात नाही. नोव्हेंबरपासून नागपूर राजधानी राहणार नाही म्हणतात. निम्मे बाबू भोपाळची बोचकी बांधताहेत, निम्मे मुंबईची. एकानं मला अगदी गोडीनं सांगितलं, "बाई, तुमचा अर्ज कोन्या गठ्ठ्यात गेला ते आता देवालेच ठाव." त्याच्यावर मी रागावले नाही. त्याला स्वतःलाच आपण कोणत्या गठ्ठ्यात आहोत ते माहीत नव्हतं.

म्हणून आम्ही दुसरा मार्ग काढला. तू हसशील, हस.

बाबनराव म्हणाले, इजिप्तच्या साहेबांना आपण सरळच लिहू. मग प्रश्न, कोणत्या भाषेत? मोमिनपुऱ्यातल्या विणकरांची आणि आमची सुताची सोसायटी एकच, तिथं बाबनरावांची हाफिजसाहेबांशी ओळख. हाफिजसाहेबांना अरबी येते. इजिप्तचे लोकही अरबीच बोलतात. झालं, सासूबाई, बाबनराव आणि मी, तिघं गेलो. हाफिजसाहेब म्हणाले, "बेटी, मेरी अरबी तो किताब की अरबी है. बाज़ार में वो क्या बोलते हैं, मालूम नहीं. लेकिन शरीफ आदमी होगा तो समझ लेगा." त्यांनी सकाळभर बसून लिहिलं. आधी देवाचं नाव, मग साहेबांच्या सगळ्या घराण्याला दुवा, मग आमचं गाऱ्हाणं. नाव सांगायची वेळ आली तेव्हा मी अडले. लग्नाला अकरा वर्षं झाली, मी ते नाव कधी तोंडानं घेतलं नाही. सासूबाईंनी सांगितलं. तीनदा सांगितलं, हाफिजसाहेबांनी तीनदा म्हणून दाखवलं आणि मग लिहिलं. तारखा त्यांनी दोन्ही घातल्या, त्यांची आणि इंग्रजी, चौदा ऑगस्ट.

पत्रात मागणं एकच आहे. आमच्या माणसाचं नाव घेऊन हाक मारा आणि तो ओ देतो का ते आम्हाला कळवा.

रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून सोबत एक रेशीमकाठी उपरणं आहे. यांच्याच मागावर, यांनी अर्धं सोडलेलं, बाबनरावांनी पुरं केलेलं. अडचणीच्या वेळी उभा राहणाऱ्याला आपल्यात वस्त्र देतात, एवढं साहेबांना सांग.

हे पार्सल तुझ्याकडे पाठवते आहे. नियम मला माहीत आहे, तूच लिहिला होतास. पण दादा, वकिलात दिल्लीत आहे आणि तूही दिल्लीत आहेस. टपालात टाकू नकोस, हाताखालच्या माणसाकडे देऊ नकोस. आपल्या हातानं नेऊन दे. मी आजवर तुझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही.

तुझी,
पुष्पलता


नवी दिल्ली
१० सप्टेंबर १९५६

चि. सौ. पुष्पलतास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आणि उपरणं पोचतं केलं. स्वतः गेलो होतो. साहेब फार सज्जन माणूस. अरबी पत्र पाहून चकित झाले, उभ्यानंच वाचलं. उपरणं हातात घेऊन डोळ्यांना लावलं. म्हणाले, तुमच्या बहिणीला माझा सलाम सांगा, मी जातीनं लक्ष घालतो.

आता निश्चिंत राहा. हाफिजसाहेबांना माझा नमस्कार सांग.

ताराचंद


तांडापेठ, नागपूर
७ नोव्हेंबर १९५६

ति. दादास,
नमस्कार.

तुझं सप्टेंबरचं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं, मग गणपतरावांकडे, मग मोमिनपुऱ्यात. साहेबांनी उपरणं डोळ्यांना लावलं ही ओळ सगळ्यांनी दोन दोनदा वाचून घेतली. तेव्हापासून आमच्या गल्लीत इजिप्त म्हणजे घरचं झालंय.

आणि आता त्यांच्यावर बाँब पडताहेत. आठ दिवस झाले, सोसायटीच्या समोरच्या दुकानात रेडिओ लागला की कोष्टी आणि मोमीन दोन्हीकडचे माग थांबतात. इंग्रज, फ्रेंच आणि तिसरे इस्राएलवाले, तिघं मिळून एकावर. गणपतराव म्हणाले, "बळी तो कान पिळी, दुसरं काय." पण कालच्या बातम्यांत सांगितलं की अमेरिकेनंही इंग्रजांना थांबा म्हटलं आणि आपल्या सरकारनं तर पहिल्या दिवसापासून इजिप्तची बाजू घेतली आहे. सासूबाईंना मी समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग आपन त्याच्या पाजणीले गेलो, असंच ना?" मी हो म्हटलं. त्यांना बरं वाटलं.

मला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. पहिल्या तारखेला नागपूरची राजधानी गेली, त्या दिवशी लोक रस्त्यात उभे राहून बोलत होते. मी बाजार करून परत आले. मी एकच हिशेब करते. साहेब तुरुंगात गेले असतील तर बाँब पडण्याआधी की नंतर? ज्याचं स्वतःचं घर पेटलंय तो दुसऱ्याच्या कैद्याची चौकशी करत बसेल का? केली तर तो देवमाणूस.

गेले होते का, एवढंच लिही. हाक मारली तेव्हा यांनी ओ दिली का?

पुष्पलता


नवी दिल्ली
४ डिसेंबर १९५६

चि. सौ. पुष्पलतास,
आशीर्वाद.

इजिप्तचा माणूस ऑक्टोबरात जाऊन आला असं कळतं. कैदी सर्वसाधारण ठीक आहेत. प्रत्येकाची वेगळी हकिकत आमच्यापर्यंत येत नाही. काळजी करू नये.

मला सर्दी झाली आहे. जास्त लिहीत नाही.

ताराचंद


तांडापेठ, नागपूर
३ मार्च १९५७

दादास,

हे आले. सगळ्यांनाच सोडलं. का सोडलं, कुणी सोडवलं, कुणाला नक्की ठाऊक नाही. वर्तमानपत्रात तीन दिवसांत तीन कारणं आली.

स्टेशनवर सगळी गल्ली हार घेऊन गेली होती. गणपतराव पुढं झाले तर यांनी हार गळ्यात पडू दिला नाही, वरच्यावर हातात घेतला आणि गणपतरावांच्याच गळ्यात घातला. लोकांना तो विनय वाटला, टाळ्या पडल्या. मी बाजूला उभी होते, मला तो विनय वाटला नाही. वजन फार उतरलंय. डाव्या कानानं कमी ऐकू येतं. सासूबाईंच्या पायावर डोकं ठेवलं ते बराच वेळ उचललं नाही.

चार दिवस काही विचारलं तर हो, नाही, बरं. पाचव्या दिवशी मी भाकरी वाढत असताना म्हणाले, "तुमी माह्यासाठी इचारलंच नाई काहून?"

मला कळेना. मग तुकड्या तुकड्यांनी सांगितलं. ऑक्टोबरात इजिप्तचा माणूस तुरुंगात आला होता. सगळ्यांना पटांगणात उभं केलं. त्याच्या हातात यादी. नाव घ्यायचा, ज्याचं नाव तो पुढं व्हायचा, घरचा निरोप ऐकायचा, आपला सांगायचा, दुखणंबाणं असेल तर तोंडानं बोलायचा. उमरेडच्याच दुसऱ्या एकाला पुकारलं, रामटेकच्या एकाला पुकारलं. यांचं नाव आलं नाही. यादी संपली, माणूस निघाला, हे तिथंच उभे. आमची पत्रं त्यांना मिळतच नव्हती. सोळा महिने एक ओळ नाही आणि वर हे. ते धरून चालले की घरानं आपल्याला सोडलं.

मी सगळं सांगितलं. अर्ज, मोमिनपुरा, हाफिजसाहेब, उपरणं. लहान मुलाची समजूत घालताना आपण काहीतरी रचून सांगतो आणि मूल ऐकून घेतं, तसं त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी मी तुझं पत्र काढून हातात दिलं, साहेबांनी उपरणं डोळ्यांना लावलं ते. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "मंग त्यानं माहं नाव काहून नाई घेतलं?"

याचं उत्तर तुझ्याकडे असेल. साहेब खोटे की तू, एवढं सांग. तुझं ऑफिस, तुझे नियम, तुझी सर्दी मला काही नको.

पुष्पलता


नवी दिल्ली
१९ मार्च १९५७

प्रिय पुष्पलता,

साहेबांना मी कधी पाहिलेलं नाही.

मी वर बोलतो असं लिहायचो. मी कुणाशी बोलत नाही. मी जावक विभागात पाकिटं बंद करून त्यांवर शिक्के मारतो. आत काय लिहिलंय ते मला वाचायची परवानगी नाही. चार वर्षं झाली, अजून नोकरी कायम नाही. ऑफिसातल्या कुणी परदेशी वकिलातीत परस्पर जायचं नाही असा आमच्याकडे कडक नियम आहे. मागच्या वर्षी एकाला एवढ्यावरून घरी बसवलं. तो कुठल्याशा जेवणाला गेला होता, एवढंच.

तुझं पार्सल घेऊन मी निघालो होतो. वकिलात माझ्या खोलीपासून सायकलनं वीस मिनिटांवर आहे. पहिल्यांदा फाटकावरच्या शिपायानं काय काम म्हणून विचारलं, मी म्हटलं पत्ता चुकलो. दुसऱ्यांदा सायकलवरून उतरलोच नाही. तिसऱ्यांदा फाटक उघडं होतं आणि शिपाई जागेवर नव्हता. त्या दिवशी आत का गेलो नाही याचं कारण मी सहा महिने शोधतो आहे, मला सापडलेलं नाही. भीती वाटली हे खरं, पण कशाची ते सांगता येत नाही.

उपरणं डोळ्यांना लावलं हे मला पत्र लिहिताना सुचलं. तुला बरं वाटेल असं वाटलं. ते तू गल्लीभर वाचून दाखवशील हे डोक्यात आलं नाही. डिसेंबरात मला सर्दी नव्हती.

तुम्ही सगळे मला दिल्लीतला मोठा माणूस समजत होता आणि मी समजू दिलं. गणपतरावांनी माणसं पाठवली तीसुद्धा त्याच भरवशावर, हे तुझ्या पत्रात वाचलं तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मग वाटलं, सांगितलं तर पाजणी थांबेल. असं प्रत्येक वेळी काही ना काही निघत गेलं.

पत्र आणि उपरणं माझ्या ट्रंकेत होतं. आज रजिस्टर करून पाठवतो आहे. पाकीट फोडलेलं नाही. जागेश्वरच्या हातात दे आणि त्याला माझं हे पत्रही दाखव. तुला काय म्हणायचं असेल ते म्हण, मी वाचीन.

ताराचंद


तांडापेठ, नागपूर
९ एप्रिल १९५७

दादास,

रजिस्टर आलं. हेच घरी होते, यांनीच सही करून घेतलं. तुझं पत्र आधी वाचलं, मग अरबी पत्र फिरवून फिरवून पाहिलं आणि ते घेऊन एकटेच मोमिनपुऱ्यात गेले. हाफिजसाहेबांनी त्यांना ते वाचून दाखवलं, ओळ वाचायची आणि तिचा अर्थ सांगायचा. यांनी आपलं नाव कुठं आहे ते विचारलं. हाफिजसाहेबांनी बोट ठेवलं. मग तारीख विचारली.

घरी आले आणि बोटांवर मोजत बसले. मी विचारलं, काय मोजता? म्हणाले, "कागद आगस्टचा. तो मानूस आला आक्टोबरात. म्या सही केली नवंबरात."

कसली सही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुरुंगवाले अधूनमधून एक कागद पुढं करत, की माझी चूक झाली, गोव्यावर पोर्तुगालचाच हक्क आहे, मी पुन्हा इकडे पाऊल टाकणार नाही. जो सही करील त्याला लवकर सोडू म्हणत. यांनी आधी दोनदा नाही म्हटलं होतं, दुसऱ्या वेळी मारात डावा कान गेला. आपलं नाव पुकारलं गेलं नाही त्यानंतर महिनाभरानं कागद पुन्हा आला. यांना वाटलं, आपण कुणासाठी नाही म्हणतो आहोत? देश बाहेर उभा राहून पाहतोय, आत येऊ शकत नाही. ज्याला येता येतं त्याच्या यादीत आपण नाही. घर गप्प. तेव्हा सही केली. केली तरी सोडलं नाही, सगळ्यांबरोबरच सोडलं. म्हणजे सही फुकटच गेली.

हे सगळं सांगताना त्यांचा आवाज चढला नाही की उतरला नाही. संपल्यावर पाणी मागितलं.

मला तुझा राग आहे. तू आता असं म्हणशील की पत्र दिलं असतं तरी साहेबांनी नाव घेतलं असतंच असं नाही, बाँब पडत होते, यादी आधीच झाली असेल. खरं असेल. सरकारला जमलं नाही त्याबद्दल मी सरकारवर रागावले नाही. इजिप्तवर तर नाहीच. त्यांच्या आड समुद्र आणि सरहद्दी होत्या, करार होते. तुझ्या आड फक्त फाटक होतं, तेही उघडं. राग जाईल असं मला वाटत नाही आणि तो जावा म्हणून मी काही करणारही नाही. तू मोठा साहेब नाहीस याचं मला काही नाही. शिक्के मारणारा भाऊसुद्धा मला पुरला असता.

गल्लीत मी कुणाला काही सांगितलेलं नाही. तुझंही नाही, यांचंही नाही. गणपतराव पंधरा ऑगस्टला चौकात यांचा सत्कार करायचा म्हणतात. यांना वीर म्हणतात. हे ऐकतात आणि घरात येऊन भिंतीकडे तोंड करून निजतात. मी यांना म्हटलं, जे झालं ते झालं, मला त्याचं काही वाटत नाही. ते म्हणाले, "तुले नाई वाटत, कारन तू चुकली नाईस."

काल सकाळी म्हणाले, ताराचंदले बोलाव. मी म्हटलं, कशाला? म्हणाले, "त्याच्यासंगं बोलाचं हाय. बाकी कोनापाशी बोलता येत नाई."

म्हणून लिहिते आहे. तू यावंस असं मला वाटत नाही, त्यांना वाटतं. आलास तर तुला ताट वाढीन, त्यात कमी करणार नाही. बोलेन की नाही ते सांगता येत नाही. ऑफिस रजा देणार नाही म्हणून पुन्हा पत्र पाठवू नकोस. कोणत्या तारखेच्या ग्रँड ट्रंक एक्स्प्रेसनं निघतोस तेवढं कळव.

मी स्टेशनवर येणार नाही. ते येतील.

पुष्पलता